ख्रिस्ताची शिकवण आणि सभागृहाच्या दोन बाजू

ख्रिस्ती धर्माची शिकवण राजकारणात डाव्यांच्या बाजूची आहे की उजव्यांच्या, हा प्रश्न गेल्या दोनशे वर्षांत अनेक देशांत विचारला गेला आहे. विचारणाऱ्याला त्याचे उत्तर बहुधा आधीच ठाऊक असते. डोंगरावरील प्रवचन वाचून भारावलेल्या समाजवाद्याला येशू हा जगातील पहिला समाजवादी वाटतो. मालमत्ता, कुटुंब आणि सुव्यवस्था यांचा कैवार घेणाऱ्याला तोच येशू या तिन्हींचा रक्षणकर्ता वाटतो. दोघांपाशीही वचने असतात, दोघांपाशीही संतांची नावे असतात, आणि दोघेही परस्परांस ढोंगी ठरवून मोकळे होतात. भारतात ख्रिस्ती समाजाची संख्या थोडी असली तरी या वादाने येथील एका राज्याचे मंत्रिमंडळ पदच्युत होण्यास हातभार लावलेला आहे. तेव्हा हा प्रश्न परदेशी म्हणून बाजूस सारता येण्याजोगा नाही. त्याचा विचार करावयाचा तर प्रथम या दोन शब्दांचा जन्म कोठे झाला ते पाहावयास हवे.

फ्रान्समध्ये ५ मे १७८९ रोजी व्हर्साय येथे तिन्ही वर्गांची सभा भरली. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात तिचे राष्ट्रीय सभेत रूपांतर झाले, आणि राजाला नकाराधिकार असावा की नसावा यावर वाद सुरू झाला, तेव्हा राजाचे पक्षपाती अध्यक्षांच्या उजव्या हातास आणि विरोधक डाव्या हातास बसू लागले. डावे आणि उजवे हे शब्द तेथून जगभर गेले. या बैठकीसंबंधी एक गोष्ट मात्र सहसा सांगितली जात नाही. त्या दोन्ही बाजूंस धर्मगुरू बसले होते. डावीकडे लॉरेन प्रांतातील एका खेड्याचे धर्मगुरू आंरी ग्रेग्वार होते. त्यांनी ज्यूंना नागरिकत्व मिळावे म्हणून आणि वसाहतींतील गुलामगिरी नष्ट व्हावी म्हणून आयुष्य वेचले. उजवीकडे आबे मोरी होते. राजसत्तेचा आणि चर्चच्या मालमत्तेचा त्यांच्याइतका प्रभावी वकील त्या सभेत दुसरा नव्हता. नोव्हेंबर १७८९ मध्ये चर्चची सारी मालमत्ता राष्ट्राच्या स्वाधीन करण्याचा ठराव संमत झाला. त्याला मोरींनी कडाडून विरोध केला, पण मूळ सूचना आणणारा सभासद तालेरां हा स्वतः एक बिशप होता! म्हणजे डाव्या-उजव्यांची ही विभागणी ज्या दिवशी जन्मास आली, त्याच दिवसापासून ख्रिस्ती धर्म तिच्या दोन्ही बाजूंस बसलेला आहे.

असे का व्हावे, याचे एक कारण धर्मग्रंथातच सापडते. लूककृत शुभवर्तमानात येशू गरिबांना धन्य म्हणतो आणि श्रीमंतांना इशारा देतो. मत्तयाच्या शुभवर्तमानात त्याच प्रसंगी उल्लेख येतो तो आत्म्याने दीन असलेल्यांचा. एका पाठात पोटाची भूक आहे आणि दुसऱ्यात अंतःकरणाची नम्रता. एकाच प्रवचनाची ही दोन रूपे शेजारी शेजारी ठेवणाऱ्यांनी त्यांतील एक पुसून टाकले नाही, हे विशेष होय. प्रेषितांच्या कृत्यांत आरंभीच्या विश्वासी मंडळीने जमिनी व घरे विकून सर्व काही सामाईक केल्याचे वर्णन आहे. डाव्या विचारांचे ख्रिस्ती लोक त्याचा दाखला नेहमी देतात. परंतु त्याच ग्रंथात पुढल्याच अध्यायात पेत्र हनन्याला बजावतो की जमीन विकण्यापूर्वी ती तुझीच होती, आणि विकल्यानंतरचे पैसेही तुझ्याच स्वाधीन होते. उजव्या विचारांचे वाचक या वाक्याकडे बोट दाखवितात. ते म्हणतात की हे दान ऐच्छिक होते आणि त्यात सरकारी जप्तीस आधार नाही. लेवीयांच्या पुस्तकात दर पन्नासाव्या वर्षी विकलेली जमीन मूळ कुळाकडे परत जावी असा नियम आहे. कोणत्याही आधुनिक भूसुधारणा कायद्याने लाजावे इतका तो कडक आहे. उलट रोमकरांस लिहिलेल्या पत्रात पौलाने सत्तेला मान देण्याचा उपदेश केला आहे, आणि शेकडो वर्षे राजेलोकांनी तो आपल्या सोयीने वापरला.

एकच वचन दोन्ही बाजूंनी वापरले गेल्याचे एक उदाहरण तर फारच बोलके आहे. थेस्सलनीका येथील मंडळीत काही लोक कामधंदा सोडून प्रभूच्या पुनरागमनाची वाट पाहत बसले होते. जो काम करू इच्छीत नाही त्याला अन्नावर हक्क नाही, असे पौलाने त्यांना लिहिले. भांडवलशाही देशांत गरिबांना सरकारी साहाय्य देण्याविरुद्ध हा आधार वारंवार पुढे केला गेला. आणि हेच तत्त्व सोव्हिएट संघाच्या १९३६ सालच्या राज्यघटनेच्या बाराव्या कलमात समाविष्ट झाले. तेथे त्याचा रोख भाड्यावर व व्याजावर जगणाऱ्या वर्गावर होता. शब्द तेच राहिले, पण ते कोणाला उद्देशून म्हटले यावरून त्यांचा पक्ष ठरला.

ग्रंथ सोडून धर्मपीठाच्या अधिकृत शिकवणीकडे वळले तरी उत्तर सोपे होत नाही. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ साली कामगारांच्या स्थितीविषयी एक परिपत्रक काढले. त्यात त्यांनी समाजवादाचा निःसंदिग्ध निषेध केला आणि खाजगी मालमत्तेचा हक्क उचलून धरला. पण कामगाराला कुटुंब पोसता येईल इतके वेतन मिळाले पाहिजे आणि संघटना करण्याचा त्याचा अधिकार आहे, असेही त्याच परिपत्रकात ठामपणे सांगितले. पुढे पोप सहावे पॉल हे डिसेंबर १९६४ मध्ये मुंबईस आले. सर्व राष्ट्रांनी शस्त्रास्त्रांवरील खर्चाचा काही भाग बाजूस काढून त्यातून गरीब देशांसाठी एक जागतिक निधी उभारावा, असे आवाहन त्यांनी तेथे केले. १९६७ साली त्यांनी लोकांच्या विकासाविषयी जे परिपत्रक प्रसिद्ध केले, त्यात मुंबईच्या त्या आवाहनाचा नावानिशी उल्लेख आहे. मालमत्तेचा हक्क कोणालाही अमर्याद व बिनशर्त मिळालेला नाही, ही गोष्टही त्यात स्पष्ट केलेली आहे. या परंपरेत उजव्यांना प्रिय असणारी तत्त्वे आहेत. राज्यसंस्था ही परमेश्वर नव्हे, कुटुंबाचे व लहान समूहांचे काम तिने गिळंकृत करू नये, आणि माणसाच्या विवेकबुद्धीवर कोणत्याही पक्षाची मालकी नाही, ही ती तत्त्वे होत. डाव्यांना प्रिय असणारे तत्त्वही तितकेच ठळक आहे. पृथ्वीवरील संपत्ती अखेर सर्वांसाठी आहे, आणि उपाशी माणसाच्या हक्कापुढे धनिकाचा हक्क दुय्यम ठरतो.

मग प्रत्यक्षात एखाद्या देशातील चर्च एका विशिष्ट बाजूस का झुकते? याचा शोध घेण्यास केरळचा अनुभव उपयोगी पडतो.

५ एप्रिल १९५७ रोजी ई. एम. एस. नंबुद्रिपाद यांच्या नेतृत्वाखाली केरळात कम्युनिस्ट मंत्रिमंडळ अधिकारावर आले. त्याने आणलेले दोन कायदे वादाच्या केंद्रस्थानी होते. शेतजमिनीसंबंधीच्या कायद्याने कुळांना संरक्षण आणि जमीनधारणेस कमाल मर्यादा येणार होती. शिक्षणविषयक कायद्याने अनुदानित शाळांतील शिक्षकांना थेट सरकारकडून पगार मिळावा, त्यांची नेमणूक लोकसेवा आयोगाने तयार केलेल्या यादीतून व्हावी आणि प्रसंगी शाळेची व्यवस्था सरकारला हाती घेता यावी, अशी तरतूद होती. केरळातील खाजगी शाळांचा मोठा वाटा ख्रिस्ती चर्चकडे होता, व नायर समाजाच्या संघटनेच्याही अनेक शाळा होत्या. राष्ट्रपतींनी हे विधेयक सर्वोच्च न्यायालयाच्या मतासाठी पाठविले. त्यातील काही तरतुदी अल्पसंख्याकांना घटनेच्या तिसाव्या कलमाने दिलेल्या हक्कांशी विसंगत आहेत, असे मत न्यायालयाने मे १९५८ मध्ये दिले. त्यानंतर विधेयकात दुरुस्ती झाली, परंतु वाद शमला नाही. जून १९५९ मध्ये मन्नत्तु पद्मनाभन यांच्या नेतृत्वाखाली आणि चर्चच्या पाठिंब्याने मोठे आंदोलन उभे राहिले. त्याला ‘विमोचन समरम्’, म्हणजे मुक्तीचा लढा, असे नाव पडले. १३ जून रोजी अंगमाली येथे पोलिसांच्या गोळीबारात सात माणसे ठार झाली. ३१ जुलै १९५९ रोजी केंद्र सरकारने ३५६व्या कलमाखाली मंत्रिमंडळ पदच्युत केले.

चर्चने त्या वेळी जी भूमिका घेतली ती निव्वळ स्वार्थाची होती असे म्हणणे अन्यायाचे होईल. हंगेरीत कार्डिनल मिंडसेंटी यांना १९४९ साली जन्मठेप झाली होती, चीनमध्ये चर्चची जी गत झाली ती सर्वांस ठाऊक होती, आणि त्रावणकोर-कोचीनच्या धर्मगुरूंना वाटणारे भय पोकळ नव्हते. पोलीस व प्रशासन यांच्या कारभारात पक्षाच्या शाखा ढवळाढवळ करतात, अशीही त्या मंत्रिमंडळाविरुद्ध तक्रार होती. तरीही एक प्रश्न उरतोच. येशूच्या शिकवणीत कुळाला जमीन देऊ नये असे कोठेही नाही. शाळेतील शिक्षकाला पूर्ण पगार व सुरक्षित नोकरी मिळू नये, असेही नाही. जे वाचले गेले ते संस्थेच्या दारातून वाचले गेले. जिच्यापाशी शाळा, जमिनी व मान होता ती संस्था आपल्या ठेव्याच्या रक्षणार्थ उभी राहिली आणि त्या रक्षणालाच तिने धर्मरक्षण म्हटले.

या लढ्याच्या अग्रभागी असलेल्या एका धर्मगुरूची कथा येथे सांगणे अगत्याचे आहे. त्रिचूरचे फादर जोसेफ वडक्कन हे केरळातील कम्युनिस्टविरोधी चळवळीचे एक झुंजार नेते होते. लढा यशस्वी झाला, फेब्रुवारी १९६० मध्ये निवडणुका झाल्या आणि पट्टम ताणु पिळ्ळै यांचे संयुक्त मंत्रिमंडळ आले. त्याच मंत्रिमंडळाच्या कारकीर्दीत, १९६१ साली, इडुक्की धरणाच्या योजनेसाठी डोंगराळ भागातील शेकडो शेतकरी कुटुंबे हुसकावून लावून कुमिळीजवळच्या अमरावती येथे आणून टाकण्यात आली. अन्नटंचाईच्या वर्षांत रान तोडून शेती करण्यास गेलेले हे लोक होते, आणि त्यांत ख्रिस्ती कुटुंबांची संख्या मोठी होती. भर पावसात उघड्यावर पडलेल्या या लोकांसाठी कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांनी तेथे उपोषण आरंभिले. आणि त्यांच्या बाजूने उभे राहिले ते फादर वडक्कन! दोनच वर्षांपूर्वी ज्या पक्षाविरुद्ध त्यांनी लोकांना रस्त्यावर आणले होते, त्याच पक्षाच्या नेत्याबरोबर ते आता काम करू लागले. पुढे त्यांच्या कर्षक तोळिलाळी पक्षाने १९६७ साली नंबुद्रिपादांच्या सात पक्षांच्या आघाडीत भाग घेतला आणि त्या पक्षाचे बी. वेलिंग्टन हे आरोग्यमंत्री झाले.

वडक्कन यांनी धर्म बदलला नव्हता, आणि त्यांच्या हातातील शुभवर्तमानही बदलले नव्हते. बदलली ती त्यांची उभे राहण्याची जागा. शाळेच्या फाटकातून दिसणारे जग आणि अमरावतीच्या चिखलातून दिसणारे जग ही एक नव्हती.

हा अनुभव केवळ केरळचा नाही. ज्या दशकात केरळात ‘मुक्ती’ हा शब्द उजव्या बाजूच्या आंदोलनाचे नाव झाला होता, त्याच्याच पुढील दशकात लॅटिन अमेरिकेत तोच शब्द डाव्या बाजूस जाऊन बसला. १९६८ साली कोलंबियातील मेडेयिन येथे त्या खंडातील बिशपांची परिषद भरली, आणि तीत दारिद्र्य हे अन्यायी व्यवस्थेचे फळ असल्याचे स्पष्टपणे सांगण्यात आले. १९७१ साली पेरूचे धर्मगुरू गुस्ताव्हो गुतिएरेझ यांचा मुक्तीच्या धर्मशास्त्रावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. धर्मशास्त्राने आधी गरिबांच्या वस्तीत जाऊन जगावे आणि मग लिहावे, हे त्याचे सार होय.

तेथेही वडक्कन यांच्यासारखीच माणसे आढळतात. ब्राझीलचे हेल्डर कामारा तरुणपणी, १९३०च्या दशकात, इटलीच्या फॅसिस्टांचे अनुकरण करणाऱ्या इंटेग्रलिस्ट चळवळीत होते. पुढे रिओ दि जानेरोच्या झोपडपट्ट्यांत त्यांनी अनेक वर्षे काम केले. मार्च १९६४ मध्ये साओ पावलोच्या रस्त्यांवरून देव, कुटुंब आणि स्वातंत्र्य यांच्या नावाने प्रचंड मोर्चा निघाला. त्यानंतर काही दिवसांतच लष्कराने सत्ता बळकावली, आणि अनेक बिशपांनी तिचे स्वागत केले. एप्रिलमध्ये ओलिंदा व रेसिफे येथील आर्चबिशपपदाची सूत्रे कामारांनी हाती घेतली, आणि ते या राजवटीचे कठोर टीकाकार बनले. इतके की पुढे वृत्तपत्रांत त्यांचे नाव छापण्यासही मनाई झाली. गरिबाला भाकरी दिली तर लोक संत म्हणतात आणि त्याच्यापाशी भाकरी का नाही असे विचारले तर कम्युनिस्ट म्हणतात, अशी खंत त्यांनी बोलून दाखविल्याचे प्रसिद्ध आहे.

एल साल्व्हादोरचे ऑस्कर रोमेरो हे फेब्रुवारी १९७७ मध्ये आर्चबिशप झाले. त्या वेळी ते सनातनी वृत्तीचे व निरुपद्रवी समजले जात आणि श्रीमंत जमीनदारांना त्यांच्या नेमणुकीने समाधान वाटले. पुढच्याच महिन्यात त्यांचे मित्र फादर रुतिलियो ग्रांदे यांची शेतमजुरांत काम करीत असल्याबद्दल हत्या झाली. तेव्हापासून रोमेरो बदलले. २३ मार्च १९८० रोजी त्यांनी सैनिकांना आवाहन केले की आपल्याच बांधवांना ठार मारण्याचा हुकूम पाळू नका. दुसऱ्या दिवशी रुग्णालयाच्या प्रार्थनामंदिरात मिस्सा चालू असताना त्यांना गोळी घालण्यात आली. २०१८ साली पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संत म्हणून घोषित केले.

रोमेरोंच्या शेजारी आणखी एका धर्मगुरूचे नाव ठेवल्याखेरीज चित्र पुरे होत नाही. पोलंडमध्ये १९८० साली ‘सॉलिडॅरिटी’ ही स्वतंत्र कामगार संघटना उभी राहिली. वॉर्साच्या पोलाद कारखान्यातील संपकरी कामगारांसाठी तरुण धर्मगुरू येझी पोपियेऊश्को मिस्सा म्हणू लागले. ऑक्टोबर १९८४ मध्ये कम्युनिस्ट सरकारच्या गृहखात्यातील अधिकाऱ्यांनी त्यांना पळवून नेऊन ठार केले. रोमेरोंचे मारेकरी स्वतःस कम्युनिझमचे शत्रू म्हणवीत होते, तर पोपियेऊश्कोंचे मारेकरी कामगारांच्या राज्याचे नोकर होते. एकाचा बळी उजव्यांनी घेतला आणि दुसऱ्याचा डाव्यांनी. पण दोघे ज्यांच्या बाजूला उभे होते ते लोक एकाच जातीचे होते. ते हातांनी काम करणारे आणि ज्यांचा आवाज दाबला जातो असे लोक होते. राजकारणाच्या नकाशावर ही दोन माणसे परस्परविरुद्ध टोकांना पडतात, शुभवर्तमानाच्या नकाशावर ती एका ठिकाणी भेटतात.

याचा अर्थ डाव्या बाजूस गेलेले धर्मगुरू नेहमीच बरोबर ठरले असा नाही. निकाराग्वात जुलै १९७९ मध्ये सॅन्डिनिस्टांची क्रांती यशस्वी झाली आणि कवी-धर्मगुरू एर्नेस्तो कार्देनाल सांस्कृतिक मंत्री झाले. साक्षरतेची मोठी मोहीम झाली, व गरिबांमध्ये आशा निर्माण झाली. मार्च १९८३ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल मानाग्वा येथे उतरले, तेव्हा गुडघे टेकलेल्या कार्देनालांना त्यांनी बोट उगारून समज दिली. ते छायाचित्र जगभर गाजले. १९८४ साली रोमच्या धर्मसिद्धान्तविषयक मंडळाने मार्क्सवादी विश्लेषण जसेच्या तसे उचलण्याविरुद्ध इशारा देणारे पत्रक काढले. १९८६ सालच्या दुसऱ्या पत्रकात मात्र मुक्तीच्या कल्पनेचा ख्रिस्ती आशय आस्थेने मांडलेला आहे. रोमची टीका त्या वेळी अनेकांना अतिरेकी वाटली. तथापि पुढील इतिहासाने तिच्यातील एक भाग खरा ठरविला. दानियेल ओर्तेगा २००७ साली पुन्हा अधिकारावर आले, त्यांनी सत्ता आपल्या कुटुंबाच्या मुठीत घेतली, आणि २०१८च्या निदर्शनांत विद्यार्थ्यांना आसरा देणारे चर्च त्यांच्या रोषास पात्र झाले. बिशप रोलांदो आल्व्हारेझ यांना फेब्रुवारी २०२३ मध्ये सव्वीस वर्षांहून अधिक कारावास ठोठावण्यात आला आणि जानेवारी २०२४ मध्ये त्यांना देशाबाहेर घालविण्यात आले. कार्देनाल स्वतः तोवर ओर्तेगांचे कडवे विरोधक होऊन २०२० साली निवर्तले होते. क्रांती ही देवराज्याची पहाट नसते, हे त्यांना फार मोल देऊन कळले.

येथे एक आक्षेप घेतला जाईल. जर शिकवण दोन्ही बाजूंनी वाचता येते, जर उभे राहण्याच्या जागेवरून तिचा पक्ष ठरतो, तर मग ती मेणासारखी नाही काय? हवा तो आकार द्यावा आणि धर्म म्हणून मिरवावे! हा आक्षेप गंभीर आहे, आणि मध्यममार्गाची स्तुती करून त्याचे निरसन होणार नाही. सर्वांनाच थोडे थोडे बरोबर म्हणणारा उपदेशक कोणाच्याच उपयोगी पडत नाही.

उत्तराची दिशा एका भारतीय विचारवंताच्या आयुष्यात दिसते. मार थोमा चर्चचे एम. एम. थॉमस यांनी तरुणपणी, १९४३च्या सुमारास, दोन ठिकाणी अर्ज केले होते. एक पाळकपदाच्या दीक्षेसाठी चर्चकडे आणि दुसरा सभासदत्वासाठी कम्युनिस्ट पक्षाकडे. चर्चने त्यांना डाव्या विचारांचे म्हणून नाकारले आणि पक्षाने ख्रिस्ती म्हणून नाकारले. थॉमस दोन्हीकडून परतले, पण त्यांनी ना श्रद्धा सोडली ना सामाजिक न्यायाचा आग्रह. पुढे ते जागतिक चर्च परिषदेच्या मध्यवर्ती समितीचे अध्यक्ष झाले. जून १९७५ मध्ये आणीबाणी जाहीर झाली, तेव्हा समाजवादाची भाषा बोलणाऱ्या त्या राजवटीवर त्यांनी निर्भीडपणे टीका केली. अनेक चर्चनेते त्या वेळी गप्प होते. ज्या कार्यक्रमाशी आपले सूर जुळतात त्याच्याविरुद्धही बोलण्याची तयारी, हे थॉमस यांचे वैशिष्ट्य होते. आणि शिकवण प्रामाणिकपणे वाचली जात आहे की सोयीने, याची कसोटी बहुधा हीच असावी. वचनाचा खर्च कोणावर पडतो, ते पाहावे. शेजाऱ्याची जमीन, शेजाऱ्याचा पक्ष, शेजाऱ्याचे पाप यांच्याविरुद्ध जे वचन वापरले जाते ते राजकारण असते, मग ते डावे असो वा उजवे. स्वतःच्या मालमत्तेविरुद्ध, स्वतःच्या पक्षाविरुद्ध, स्वतःच्या मंडळीविरुद्ध जे वाचले जाते त्याला शिकवण म्हणावे.

या कसोटीवर भारतातील चर्चला सर्वांत कठीण प्रश्न विचारला तो त्याच्याच घरातील दलितांनी. केरळात पोयकयिल योहन्नान यांनी चर्चमध्ये येऊनही अस्पृश्यता सुटत नाही हे अनुभवले, एकामागून एक चर्च सोडले आणि १९०९ साली प्रत्यक्ष रक्षा दैव सभेची स्थापना केली. १९८१ साली बंगलोरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात, महाराष्ट्रातून आलेले धर्मशास्त्राचे अध्यापक अरविंद निर्मल यांनी एका भाषणात असे दाखवून दिले की भारतातील ख्रिस्ती धर्मशास्त्र आजवर उच्चवर्णीयांच्या तत्त्वज्ञानाशी संवाद करीत राहिले आणि चर्चमधील बहुसंख्य दलितांचे जीवन त्यात आलेच नाही. दलित धर्मशास्त्राचा आरंभ त्या भाषणापासून मानला जातो. लॅटिन अमेरिकेहून आलेल्या विचारावरही निर्मल यांनी टीका केली, कारण तो वर्गाविषयी बोलत होता आणि जातीविषयी मुका होता. म्हणजे उजव्या बाजूचे वाचन शाळा व संस्था वाचविण्यात गुंतले होते, डाव्या बाजूचे वाचन जमीनदार आणि भांडवलदार यांच्याविरुद्ध बोलत होते, आणि या गदारोळात प्रार्थनामंदिरातील वेगळी बाकडी व वेगळी स्मशानभूमी दोघांच्याही नजरेतून सुटली होती.

दलित ख्रिस्ती लोकांची एक तक्रार राज्यसंस्थेकडेही आहे. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना त्या लागू झाल्या, ख्रिस्ती व मुसलमान दलित मात्र बाहेर राहिले. या प्रश्नाच्या चौकशीसाठी ऑक्टोबर २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमण्यात आला. ही मागणी चर्चने लावून धरली आहे, आणि ती तिची न्याय्य कामगिरी होय. परंतु ही मागणी करताना चर्चला स्वतःच्या विरुद्ध साक्ष द्यावी लागते. धर्मांतराने जात गेली नाही, आपल्या भिंतींआड ती टिकून राहिली, हे मान्य केल्यावाचून हा दावा उभाच राहत नाही. डिसेंबर २०१६ मध्ये भारतातील कॅथलिक बिशपांच्या परिषदेने दलितांच्या सबलीकरणाचे धोरण जाहीर केले, आणि चर्चमध्ये अस्पृश्यतेचे आचरण होत असल्याची कबुली त्यात दिली. स्वतःविरुद्ध वाचण्याचे ते एक पाऊल होते. कबुलीनंतर किती बाकडी हलली आणि किती भिंती पडल्या, हे प्रत्येक मंडळीने आपल्या आवारात जाऊन पाहावयाचे आहे.

नासरेथच्या सभास्थानातील प्रसंग लूकने सांगितला आहे. येशूने यशया संदेष्ट्याचा ग्रंथ उघडून दरिद्र्यांना सुवार्ता व बंदिवानांना सुटका यांविषयीचा उतारा वाचला. मुक्तीच्या धर्मशास्त्राचा हा आवडता उतारा होय, आणि बहुधा उद्धरण येथेच थांबते. पण कथा पुढे चालू राहते. वाचन ऐकून गावकरी प्रसन्न झाले, आपल्या गावच्या मुलाचे त्यांनी कौतुक केले. मग येशूने त्यांना दोन जुन्या गोष्टींची आठवण करून दिली. दुष्काळात एलीया संदेष्ट्याला पाठविण्यात आले ते परक्या सीदोन प्रांतातील एका विधवेकडे, आणि अलीशाच्या काळी कुष्ठापासून शुद्ध झाला तो परका नामान. ही कृपा आपल्यासाठी राखून ठेवलेली नाही, हे ध्यानात येताच तेच गावकरी संतापले आणि त्याला कड्यावरून लोटून देण्यास निघाले.

ग्रंथाचा उतारा वाचला जात होता तोवर त्या सभास्थानात कोणाचीच तक्रार नव्हती. तो आपल्याला उद्देशून आहे हे कळले तेव्हा लोक उठून उभे राहिले. ख्रिस्ताची शिकवण डावी की उजवी, असे विचारणाऱ्याने आपण ज्या बाजूस बसलो आहोत त्या बाजूचे बाक प्रथम पाहावे, आणि त्या बाकावर कोणाला बसू दिलेले नाही ते मोजावे.